उरलेला हिरवा रंग आणि लांजीची भाऊबीज

आमच्या घरात रंगाचा डबा अर्धा उरला की मला धडकी भरते. दिवाळीच्या आधी खिडक्यांच्या जाळ्यांना ऑइल पेंट द्यायचा, हे आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात घरोघर चालतं. इतरांकडे जाळ्या रंगवून झाल्या की काम संपतं, आमच्याकडे तिथून सुरू होतं. उघडलेल्या डब्यात रंगावर साय धरते आणि साय धरलेला रंग म्हणजे वाया गेलेला रंग, अशी शिकवण माझ्या सासऱ्यांनी आपल्या मुलाला दिली. सासऱ्यांनी मागे दुसरं फारसं काही ठेवलं नाही, ही शिकवण मात्र ठेवली. त्यामुळे डबा उघडला त्याच दिवशी तो तळापर्यंत संपला पाहिजे. जाळ्या झाल्या की फाटक, फाटक झालं की टाकीचं झाकण, मग खुर्चीचे पाय, मग जे हाताला लागेल ते. एका वर्षी निळा रंग उरला तेव्हा माझा लोखंडी खलबत्ता बाहेरून निळा झाला. त्यानंतर कितीतरी दिवस मी खलबत्त्यातली चटणी केली नाही आणि विचारणाऱ्याला कारणही सांगितलं.

यंदा रंग हिरवा होता आणि आमचे हे नुकतेच निवृत्त झाले होते. या दोन गोष्टी एकाच वर्षी यायला नको होत्या.

जन्मभर ज्यांनी कचेरीत काम केलं त्यांना घरी बसणं जमत नाही, हे मी ऐकून होते. पण हे तर घरी बसतानाही कचेरीत गेल्यासारखे बसत. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर समोर रस्त्याकडे तोंड. मी शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी मी निघाले की हे फाटकापर्यंत यायचे, फाटक उघडून धरायचे आणि मग काय करायचं ते न सुचून फाटकाची कडी पुन्हा पुन्हा लावून बघायचे. मला ते पाहवत नसे. पाहवत नसे म्हणून मी जास्तच टोचून बोलत असे, हा माझा स्वभाव आहे आणि त्याला आता औषध नाही.

त्यांच्याजवळ हक्काची म्हणून एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मोटरसायकल. मुलगा पहिलीत असताना घेतलेली. मुलगा पुढे टाकीवर, मी मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर फराळाचा डबा, असे आम्ही दर भाऊबीजेला माझ्या माहेरी लांजीला जात आलो. मुलगा मोठा झाला, नागपुरात नोकरीला लागला, गाडी तीच राहिली. तिच्या मागच्या सीटबद्दल मी जे बोलले आहे ते सगळं एकत्र केलं तर शाळेच्या वार्षिक अहवालाएवढं होईल. माझी कंबर त्या सीटनेच गेली असं माझं मत आहे. त्यामुळे मुलगा फोनवर म्हणाला की बाबांसाठी बॅटरीवरची स्कूटर घेऊ आणि जुनी गाडी भंगारात देऊ, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मागे टेकायला पाठ असते ना तिला, एवढंच मी विचारलं.

ह्यांना ते ऐकून काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांनी फोन घेतला आणि मुलाशी शर्त लावली.

"भाऊबीजेले लांजीले जाऊन वापस येतो. मधात एकदाबी थांबली, तर तू म्हणशील ते."

मुलाचं मराठी नागपुरात राहूनही आमच्या गल्लीतल्या हिंदीसारखंच आहे. "पक्का ना बाबा? बाद में पलटायचं नाही," तो म्हणाला.

"हौ, पक्का," हे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तांदळाचं रिकामं बारदान अंथरून गाडीची सर्व्हिसिंग करायला बसले.

इतकी वर्षं सर्व्हिसिंग बाहेर व्हायची. आता वेळ आहे तर घरीच करू, असं ठरलं. माझ्या दोन पराती आणि एक ताट विचारल्याशिवाय अंगणात गेलं. एका परातीत नट-बोल्ट, दुसरीत चेन घासलेटात बुडवलेली, ताटात प्लग आणि काय काय. ऑइल बदललं, फिल्टर झटकला, बॅटरी काढून पुसली, आत सांगाड्याला कसलेलं जे जे निघालं ते सुटं केलं. मी परात परत मागायला तणतणत बाहेर गेले, तर हे शीळ घालत होते. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. मी परात न मागता आत आले.

संध्याकाळी जाळ्यांचा उरलेला रंग बाहेर आला. गाडीची बाजूची झाकणं काढलेलीच होती. आतल्या लोखंडी सांगाड्याला जिथे जिथे गंज दिसला तिथे तिथे ह्यांनी तो घासून हिरवा हात मारला. झाकणाच्या आत कोण बघायला येणार आहे, मी विचारलं.

"गंज पाह्यते ना," हे म्हणाले.

गाडी झाली, तरी डब्यात बोटभर रंग होताच. मग विळीचा पाय हिरवा झाला, बादलीची कडी हिरवी झाली, माझा पत्र्याचा जुना टॉर्च बुडापासून तोंडापर्यंत हिरवा झाला. डबा पालथा घालून थेंब पडत नाही हे बघितल्यावरच हे हात धुवायला गेले.

पहिला दिवस गाडी छान चालली. आवाज मऊ झाल्याचं ह्यांनी मला, शेजाऱ्यांना आणि दूधवाल्याला सांगितलं. मग बाजारातून येताना हॉर्नचा आवाज बसल्यासारखा झाला. मग इंडिकेटर लुकलुकायचा थांबला. आणि एका संध्याकाळी वैनगंगेच्या पुलाकडे फेरी मारायला गेलेले हे बऱ्याच वेळाने गाडी ढकलत परत आले. शर्ट पाठीला चिकटलेला.

"हवा चांगली होती, म्हणून पायदळ आलो," हे म्हणाले.

इथे गाडीचं थोडं सांगावं लागेल. मलाही ते याच दिवाळीत नीट कळलं. इंजिन फिरतं तेव्हा त्याच्या आतली कॉइल वीज तयार करते. ती वीज रेग्युलेटर नावाचा एक हाताच्या पंजाएवढा ठोकळा आटोक्यात आणतो आणि बॅटरीला देतो. हॉर्न, दिवे आणि आमच्या गाडीत इंजिनाची ठिणगीसुद्धा, सगळं बॅटरीवर चालतं. बॅटरीत भर पडणं बंद झालं आणि खर्च चालू राहिला, तर कोठीतल्या तांदळाचं जे होईल तेच तिचं होतं. आमच्या गाडीत तसंच काहीतरी होत होतं. भर पडत नव्हती.

ह्यांनी आधी बॅटरी नवी आणली. सगळे तेच करतात. दोन दिवस हॉर्न इतका खणखणला की हे गल्लीच्या तोंडापासूनच वाजवत यायचे, आणि मग तोही खोकायला लागला. बसस्टँडजवळच्या मेकॅनिकने गाडीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "कॉइल गई है बाबूजी, दिवाली के बाद लाना." कॉइल गेल्याचं वाईट वाटलं की बाबूजी म्हटल्याचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण येताना हे एक मीटर विकत घेऊन आले. पिवळा डबा, एक लाल आणि एक काळी वायर, समोर आकडा दिसतो.

त्या मीटरने माझी दिवाळीची सुट्टी खाल्ली. मी चकल्या करत असले की अंगणातून हाक यायची. मी तेलाचे हात पुसून जायचे, गाडीच्या मुठीवर हात ठेवायचे, आणि हे बॅटरीला वायरी लावून उकिडवे बसायचे. "रेस दे," म्हणाले की मी मूठ पिळायची. इंजिन ओरडायचं, गल्लीतली कुत्री ओरडायची, मीटरवरचा आकडा मात्र बाराच्या आसपासच रेंगाळायचा. तो चौदाच्या जवळ जायला पाहिजे, असं हे म्हणायचे. "आणखी दे." मी आणखी द्यायचे. पोराला ताप किती आहे ते बघावं तसं आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत असू. चकल्यांचा एक घाणा त्यातच करपला, आणि तो कोणामुळे करपला यावर आमचं एकमत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं चुकीचं आहे हे ह्यांनी मीटर लावून सिद्ध केलं. कॉइल वीज तयार करत होती. मग राहिला रेग्युलेटर. गल्लीतल्या एका ओळखीच्या घरी अशीच जुनी गाडी भंगारात जायची पडून होती, तिचा रेग्युलेटर मागून आणला आणि आमच्या गाडीला जुन्याच्या जागी कसला. मी मूठ पिळली. आकडा बारा. शेजारचे एक काका म्हणाले वायरिंग सडलं असेल. दुसरे म्हणाले, गाडीचं वय झालं, आता कशाकशाला जपाल. ते गाडीबद्दलच बोलत होते, पण हे उठून आत आले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी ह्यांनी मुलाला फोन केला. तुझी स्कूटर घेऊन ये, एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. मग अंगणात जाऊन नट-बोल्टचे पाने फडक्याने पुसून एकेक करून पेटीत ठेवले, मीटरच्या वायरी गुंडाळल्या, बारदान झटकून घडी केलं. माझ्या पराती घासून, धुवून, पालथ्या घालून ओट्यावर आणून ठेवल्या. लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी परात घासली नव्हती.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. स्कूटर येणार होती, पाठ टेकायला मिळणार होती, शर्त मी न लावताच जिंकले होते. पण त्या दोन चकचकीत पराती बघून मला रडू आलं. गाडी जाईल तर जाईल. माणसाने आपल्या हाताने केलेलं काम उलटं पडलं आणि तो पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसला, तर मग तो उठणार कशाने, याची मला भीती वाटली.

पाडव्याच्या सकाळी मी खिरीसाठी चिन्नोर काढायला कोठीपाशी गेले. आमच्याकडचा हा बारीक, वासाचा तांदूळ. त्याला टोके पण लवकर लागतात. कोठीच्या तळाशी किडे आहेत का ते बघायला मी टॉर्च घेतला. लागला नाही. सेल बदलले. तरी लागला नाही. टॉर्चला दोन ठोसे दिले, कारण आमच्या घरात टॉर्च दुरुस्त करायची तीच पद्धत आहे. मग बुडाचं झाकण फिरवून काढलं, तर आतले आटेसुद्धा हिरवे. झाकण काढून ठेवलेलं असताना ह्यांनी ते आतबाहेर रंगवलं होतं. नळीची कडही हिरवी.

टॉर्चमध्ये वायर नसते. एका टोकाकडून वीज सेलमधून जाते आणि परत येते ती पत्र्याच्या अंगातून. मी केसांतली पिन काढली, झाकणातली स्प्रिंग सेलवर टेकवून पिनेचं एक टोक तिला लावलं आणि दुसरं नळीच्या आत, जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे. कोठीतला तांदूळ उजळला. पिन काढली, अंधार.

कोठीत डोकं घालून मी तशीच उभी राहिले. हा धडा मी दर वर्षी शिकवते. गाडीतसुद्धा विजेची परतीची वाट लोखंडी सांगाड्यातूनच असते. आमच्या गाडीच्या रेग्युलेटरला परतीची वेगळी वायर नाही, तो सांगाड्याला चिकटून बसतो आणि त्याच्या अंगातूनच वाट पुरी होते, हे ह्यांनीच मला चकल्या करपवताना सांगितलं होतं. मी अंगणात गेले, गाडीचं बाजूचं झाकण जरा ओढून आत बघितलं. रेग्युलेटर बसवायची जागा हिरवी, बोल्ट हिरवे, बोल्टखालच्या चकत्या हिरव्या. ओल्या रंगातच कसलेले. गंजाला दिसू नये म्हणून केलेली ती सगळी मेहनत. विजेची परतीची वाटच बंद करून ठेवली होती आणि वर नवी बॅटरी आणली होती.

माझी जीभ शिवशिवली. आयुष्यात इतकं चांगलं कोलीत माझ्या हातात कधी आलं नव्हतं. खलबत्त्यापासून सगळा हिशेब चुकता झाला असता. आणि दुसरीकडून मनात हेही आलं की गप्प बसलं तर स्कूटर येते, टेकायच्या पाठीसकट. मी फार चांगली बाई आहे असं नाही. थोडा वेळ मी दोन्हींचा विचार केला.

पण वर्गात मी एक गोष्ट शिकले आहे. उत्तर सांगितलं तर पोरगं ते वहीत उतरवून घेतं आणि विसरतं. वस्तू समोर ठेवली आणि आपण खिडकीबाहेर बघत राहिलं, तर ते त्याचं होतं. मी टॉर्चचं झाकण घट्ट लावलं आणि तो व्हरांड्यात ह्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"हा लागून नाही राह्यला. कोठी पाह्याची आहे मले. पाहा न जरा," मी म्हटलं आणि आत आले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हरांडा दिसतो. जाळी नुकतीच घासून रंगवलेली असल्यामुळे डोळा लावून बघता येत होतं. ह्यांनी आधी ठोसा दिला. मग सेल काढून मीटर लावलं. मग बल्ब बघितला. मग झाकण हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. खिशातला पेन काढला, त्याच्या टोकाने आट्यांमधला रंग खरवडला, नळीची कड खरवडली, झाकण लावलं. टॉर्च लागला. भर उन्हात तो लावून हे बसले होते. बंद केला, पुन्हा लावला. मग तो तसाच लावलेला खुर्चीवर ठेवून अंगणात गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग पान्याचा, मग पॉलिश पेपर घासल्याचा. मी खीर ढवळत राहिले. हाक येईपर्यंत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

हाक आली. मी गेले, मूठ पिळली. आकडा तेरा म्हणाला, साडेतेरा म्हणाला आणि चौदाच्या वर जाऊन थांबला. ह्यांनी मीटर माझ्याकडे फिरवून दाखवलं. त्यांच्या कानाच्या पाळीला घासलेल्या हिरव्या रंगाची पूड लागली होती.

मग जेवताना धडा सुरू झाला. विजेला परतीची वाट कशी लागते, रंग कसा वीज अडवतो, सगळं वरणभातापासून ताकापर्यंत. मी तो अख्खा धडा ऐकून घेतला, मध्ये मध्ये "असं का" म्हटलं. मुलाला फोन गेला की स्कूटर थांबव, शर्त अजून चालू आहे. मुलगा म्हणाला, "ठीक है, पण परत पोचल्यावर बोलू."

भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती, कुठे रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घातलेलं. प्रत्येक गाईला, सायकलीला आणि काही कारण नसलेल्या झाडांना हॉर्न देत आम्ही लांजीला पोचलो. कंबर दुखली, ते मी सांगितलं.

मी भावाला ओवाळलं, जेवणं झाली, आणि माझ्या भावाने विचारलं की गाडीला झालं काय होतं. मग ह्यांनी जे सुरू केलं त्यात बॅटरी होती, कॉइल होती, मेकॅनिक होता, चौदाचा आकडा होता. टॉर्चपण होता. "टॉर्च पाह्यता पाह्यता मह्या ध्यानात आलं," असं हे म्हणाले. माझा भाऊ मान डोलावत राहिला, भावोजींचं डोकं म्हणजे काय, म्हणाला. मी ताटं उचलली आणि आत गेले. ते त्यांचं व्हावं अशीच माझी इच्छा होती. पण इतकं पूर्ण त्यांचं होईल असं मला वाटलं नव्हतं.

परतताना किरनापूरच्या अलीकडे, ना गाव ना दुकान अशा जागी ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"थांबली?" मी विचारलं. "आता पोरगं म्हणन शर्त हारली."

"गाडी नाही थांबली. मी थांबलो," हे म्हणाले. मान वळवली नाही, समोर रस्त्याकडेच बघत होते. "तू टॉर्च पुढ्यात ठेवला तवाच मले समजलं. आपल्या घरचा टॉर्च खराब झाला न् तू मले चार गोष्टी ऐकवल्या नाहीत, असं कधी झालं नाही."

वाऱ्याने धानाचा वास येत होता.

"मंग कालपासून बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"बोललो असतो तर पुढच्या खेपेले तू मह्या पुढ्यात काही ठेवलं नसतं."

"मंग आता काहून सांगून राह्यले?"

"तुह्या दादाच्या घरी तुहं तोंड पाह्यलं," हे म्हणाले.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही त्यांना दिसत नव्हतं हे बरं झालं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीवर मी तो एरवी पडायच्या भीतीने ठेवते.

गाडी लगेच लागली. समोर रस्ता पार रिकामा होता, ना गाय ना सायकल, तरी ह्यांनी एक लांबलचक हॉर्न दिला.